आईची सही कोण करणार?

चवथीच्या आरत्या संपल्या की गोव्यातल्या बऱ्याच घरांत एक जुना विषय निघतो. मुंबईचा भाऊ आलेला असतो, आखातातली बहीण आलेली असते, एखादा पुतण्या थेट लंडनहून उतरलेला असतो. आणि ज्या आईच्या नावावर कुळागर (सुपारी-माडांची बाग) आहे, तिला आज वार कोणता हे आठवत नसतं. "पॉवर टाईप करून आणलीय, फक्त तिचा अंगठा घ्यायचाय." चवथीनंतरच्या पंधरवड्यात फोंड्याच्या माझ्या ऑफिसात हे वाक्य घेऊन दोन-तीन कुटुंबं तरी येतात.

मी वकिली करते, विधी साहाय्याची प्रकरणंही घेते. अशा कुटुंबांना मी आधी तो कागद बाजूला ठेवायला सांगते. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम २०१ प्रमाणे अधिकार देणाऱ्याचं मन शाबूत राहिलं नाही की मुखत्यारपत्र, म्हणजे ही 'पॉवर', संपतं. म्हणजे आईला समजत नसताना घेतलेला अंगठा तर फुकटच, पण चार वर्षांपूर्वी ती ठणठणीत असताना केलेली पॉवरही तिची समज गेल्यावर चालत नाही. लंडनच्या पुतण्याला हे पटत नाही, कारण तिकडे समज गेल्यावरही टिकणारं 'लास्टिंग पॉवर' नावाचं मुखत्यारपत्र असतं. आपल्याकडे तसा कागद नाही. त्या अंगठ्यावर केलेलं विक्रीखत उद्या एका नाराज भावंडाच्या दाव्यात कोसळू शकतं आणि अंगठा घेणाऱ्यावर फसवणुकीची तक्रारही होऊ शकते.

तेव्हा सही कशी मिळवायची हा प्रश्न शेवटचा. त्याआधीच्या पायऱ्या खाली देते.

पहिली पायरी : निर्णय कोणता, ते एका ओळीत लिहा

"आईला काही कळत नाही" या वाक्याला कायद्यात फारशी किंमत नाही. काय कळत नाही? मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ४ मध्ये उपचारांच्या निर्णयासाठी जी कसोटी दिली आहे, ती घरातही वापरण्यासारखी आहे. माहिती समजते का, निर्णयाचा परिणाम काय होईल ते उमगतं का, आणि आपलं म्हणणं बोलून, खुणेने किंवा अन्य कसंही सांगता येतं का? याच कायद्याचं कलम ३ म्हणतं की मानसिक आजाराचं निदान झालं म्हणून कुणी आपोआप कायद्याच्या दृष्टीने 'असमर्थ' ठरत नाही. ते ठरवायचं काम न्यायालयाचं.

एकच माणूस एका निर्णयाला समर्थ आणि दुसऱ्याला असमर्थ असू शकतो. कुणाजवळ राहायचं, रक्तदाबाची गोळी घ्यायची की नाही, हे आई नीट सांगते. पण तीस जणांच्या सामायिक भाटाच्या, म्हणजे माडांच्या बागेच्या, वाटणीचा मसुदा तिच्या आवाक्याबाहेर असतो. (तो पुष्कळदा माझ्याही आवाक्याबाहेर असतो.) करार कायद्याचं कलम १२ तर असंही सांगतं की एरवी भान नसलेला माणूस भानावर असलेल्या वेळेत करार करू शकतो. डिमेन्शियाच्या सुरुवातीच्या काळात अशा सकाळी असतात. पण पुढे न्यायालयात "त्या दिवशी ती भानावर होती" हे सिद्ध करावं लागतं. म्हणून महत्त्वाच्या कागदावर सही असेल तर त्याच दिवसाचं मनोविकारतज्ज्ञाचं किंवा न्यूरॉलॉजिस्टचं तपासणीपत्र घ्या. त्यात निदानाच्या नावापेक्षा तिला काय विचारलं आणि तिने काय उत्तर दिलं, हे असलेलं बरं.

मग वहीत एक ओळ लिहा : 'पेन्शन काढायची आहे', 'ऑपरेशनला संमती हवी आहे', 'जमीन विकायची आहे', 'मुलगा अठरा वर्षांचा होतोय'. या चार ओळींची चार दारं वेगळी आहेत. माझ्याकडे येणाऱ्यांत निम्मे लोक चुकीच्या दाराशी वर्ष घालवून आलेले असतात.

दुसरी पायरी : बोलता येतंय तोवर करायची कामं

वडिलांना विसरायला होऊ लागलंय, पण माणसं ओळखतात, हिशेब कळतो. हा काळ सोन्यासारखा असतो आणि नेमका तोच "बघू पुढे" म्हणत निघून जातो.

मृत्युपत्राने सुरुवात करा. गोव्यात वारसाहक्काला शेजारच्या महाराष्ट्राचे नियम लावू नका. १८७० पासून इथे लागू झालेल्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा आपल्याकडे आहे आणि त्यातला वारसाहक्काचा भाग आता २०१२ च्या गोवा वारसाहक्क, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कायद्यात आहे. तो २०१६ च्या डिसेंबरात अंमलात आला. साध्या कागदावर लिहून कपाटात ठेवलेल्या मृत्युपत्रावर इथे विसंबू नका; ते विशेष नोटरीसमोर, म्हणजे सब-रजिस्ट्रारच्या कार्यालयात, साक्षीदारांसह करायचं असतं. आणि मुलंबाळं असतील तर मालमत्तेचा अर्धा भाग त्यांच्यासाठी राखीव असतो. 'सगळं धाकट्याला' असं लिहिता येत नाही. उरलेल्या अर्ध्याचं काय करायचं ते मात्र आपल्या इच्छेने ठरवता येतं. घरात विशेष गरजा असलेलं मूल असेल तर ही मोकळी अर्धी बाजू त्याच्यासाठी वापरायची, एवढी एक गोष्ट तरी आईवडिलांनी सब-रजिस्ट्रारकडे जाण्याआधी बोलून घ्यावी.

दुसरं काम उपचारांचं. २०१७ च्या कायद्याखाली कुठल्याही प्रौढ माणसाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो. कलम १४ प्रमाणे साध्या कागदावर, सही किंवा अंगठ्यानिशी. सख्खाच नातेवाईक हवा असं नाही; विश्वासाची शेजारीणही चालते. कलम ५ खाली आगाऊ सूचनापत्र करता येतं : मला मानसिक आजार झाला तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, आणि माझ्या वतीने कोण बोलेल. ते मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे नोंदवायचं असतं आणि समज शाबूत असेपर्यंत केव्हाही बदलता येतं. तातडीच्या उपचारांना मात्र ते आड येत नाही.

लिव्हिंग विल हा वेगळा कागद. बरं होण्याची आशा नसताना व्हेंटिलेटरसारखे जीव लांबवणारे उपचार नकोत, हे त्यात लिहायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०२३ च्या जानेवारीत पद्धत सोपी केली : दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. २०२४ च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं असं पत्र केलं, तेव्हा वर्तमानपत्रांत त्याची बरीच चर्चा झाली. त्यानंतर माझ्याकडेही लोक विचारायला येऊ लागले. बहुतेक साठीच्या पुढच्या बायका. नवरे अजून "कशाला अभद्र" म्हणतात.

बँकेचं थोडक्यात सांगते. खातं संयुक्त करा, 'दोघांपैकी कोणीही' अशा पद्धतीचं. सही थरथरते पण समज आहे, एवढ्यावर खातं बंद पडू देऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे आजारी खातेदाराचा अंगठा दोन स्वतंत्र साक्षीदारांच्या ओळखीवर चालतो, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. सत्तरीच्या पुढच्यांना आणि दिव्यांगांना घरपोच सेवा देण्याच्या सूचनाही आहेत. काउंटरवर "नाही होत" म्हणाले तर लेखी द्या म्हणायचं. पुष्कळदा तिथेच होऊन जातं.

तिसरी पायरी : मूल अठराचं होतंय

हे दार सगळ्यात सोपं आहे आणि सगळ्यात कमी लोकांना माहीत आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलाचे आईवडील अठराव्या वाढदिवसापर्यंत नैसर्गिक पालक असतात. दुसऱ्या दिवसापासून, तोच मुलगा, तीच आई, पण कायद्याच्या लेखी तो प्रौढ आणि ती त्याची फक्त नातेवाईक. हे कळतं तेव्हा आई बँकेच्या रांगेत उभी असते.

यासाठी नॅशनल ट्रस्ट कायदा १९९९ आहे. कलम १३ प्रमाणे जिल्हा पातळीवर स्थानिक स्तर समिती असते; अठरा पूर्ण झालेल्या मुलासाठी पालक तीच नेमते. तिच्यात जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. न्यायालयात जावं लागत नाही. पालक किंवा नातेवाईक स्वतः अर्ज करू शकतात.

तयारी वर्षभर आधी सुरू करा. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आधी हवं. ते नसेल तर बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात किंवा म्हापशाच्या आझिलो इस्पितळात, मडगावच्या जिल्हा इस्पितळात दिव्यांगत्व मंडळाच्या तपासणीचा दिवस कोणता ते विचारून जा. मग अर्ज 'फॉर्म ए' मध्ये. सोबत मुलाचा जन्मदाखला, दोघांची ओळखपत्रं, राहण्याचा पुरावा, फोटो, आणि आईवडिलांपैकी एकजण नसेल तर मृत्यूचा दाखला. भावंडांची संमती लेखी घेतलीत तर समितीपुढचे प्रश्न कमी होतात. अर्ज मराठीत लिहिलात तरी चालायला हवा. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा केली, पण सरकारी कामात मराठीचीही तरतूद ठेवली आहे.

समिती दोन गोष्टी पाहते : या माणसाला पालक खरंच लागतो का, आणि कशापुरता. मुलीच्या बाबतीत एकट्या पुरुष नातेवाईकाला पालकत्व देत नाहीत, पत्नीबरोबर संयुक्त देतात. काकांच्या नावाने अर्ज करताना हे आधी लक्षात घ्या. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत मुलाच्या स्थावर मालमत्तेची, देण्या-घेण्याची यादी द्यायची, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. हा हिशेब फार कमी जण देतात. पुढे दुसरं भावंड तक्रार करतं तेव्हा तोच घोळ अंगावर येतो, आणि कलम १७ खाली पालक काढूनही टाकता येतो.

समितीच्या या पालकत्व प्रमाणपत्रावर बँकेने खातं उघडावं असं रिझर्व्ह बँकेनेच सांगितलं आहे. जमीन विकण्यासाठी मात्र एवढ्या कागदावर जाऊ नका, न्यायालयाची परवानगी लागेल का ते वकिलाला विचारा. आणि त्याच फेरीत निरामय आरोग्य विम्याचा अर्ज करून या. वर्षाला १ लाखापर्यंतचं संरक्षण मिळतं, आधीची वैद्यकीय तपासणी लागत नाही. आईवडील सरकारी पेन्शनर असतील तर मुलाचं नाव आपल्या हयातीत पेन्शनच्या कागदांत चढवा. नंतर ते करणं म्हणजे मामलेदार, इस्पितळ आणि खजिना यांच्यात चपला झिजवणं.

चौथी पायरी : इस्पितळात भरती

बांबोळीची मनोविकार संस्था, म्हणजे पूर्वीचं अल्तिनोवरचं आबे फारिया हॉस्पिटल. तिचं नाव निघालं की घरात अजूनही आवाज खाली येतो. कायदा मात्र आता बराच बदलला आहे. माणूस स्वतःहून तयार असेल तर ती स्वतंत्र भरती. तो त्याच्या इच्छेने घरीही जाऊ शकतो. तयार नसेल, जिवाला धोका असेल किंवा स्वतःची काळजीच घेता येत नसेल, तर २०१७ च्या कायद्याच्या कलम ८९ खाली नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर ३० दिवसांपर्यंत भरती करता येते. त्यासाठी एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर, अशा दोघांनी वेगवेगळं तपासायला हवं. इस्पितळाने मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला सात दिवसांत कळवायचं, स्त्री असेल तर तीन दिवसांत. कुणाला अन्यायाने भरती केलं असं वाटलं तर त्याला स्वतःला, त्याच्या प्रतिनिधीला किंवा नोंदणीकृत संस्थेला मंडळाकडे जाता येतं, आणि त्याला शुल्क नाही.

प्रतिनिधी नेमलेलाच नसेल तर कायद्याने क्रम ठरवला आहे : आगाऊ सूचनापत्रातला माणूस, मग नातेवाईक, मग सांभाळणारा, मग मंडळाने नेमलेली व्यक्ती. घटस्फोटाच्या भांडणात बायकोला 'वेडी' ठरवून भरती करायला निघालेले नवरे मी पाहिलेत. दोन स्वतंत्र तपासण्या आणि मंडळाला कळवणं ही कटकट त्यांच्यासाठीच ठेवलेली आहे, असं मी मानते.

रस्त्यावर भटकणारा, भान नसलेला माणूस दिसला तर पोलिसांना सांगा. कलम १०० प्रमाणे त्यांनी त्याला २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं असतं. लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. आणि रात्री-अपरात्री नुसतं कुणाशी बोलायची गरज असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा नंबर १४४१६.

पाचवी पायरी : समज गेली आहे आणि मालमत्ता अडली आहे

सगळ्यात अवघड दार हेच. १९८७ च्या जुन्या मानसिक आरोग्य कायद्यात मालमत्तेचा व्यवस्थापक जिल्हा न्यायालयातून नेमून घ्यायची सोय होती. २०१७ च्या कायद्याने ती उचलली आणि तिच्या जागी काही ठेवलं नाही. नॅशनल ट्रस्टच्या चार प्रकारांत म्हातारपणचा डिमेन्शिया किंवा कोमा बसत नाही. मग उरतात दोन रस्ते.

एक, दिव्यांग हक्क कायदा २०१६ चं कलम १४. त्याखाली जिल्हा न्यायालय मर्यादित पालक नेमू शकतं, ठरावीक कामापुरता आणि ठरावीक काळापुरता. त्याने निर्णय त्या व्यक्तीबरोबर, तिचं म्हणणं विचारात घेऊन घ्यायचे असतात. इथे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. कलम १३ मधली एक अट मी अशिलांना दोनदा वाचून दाखवते : आधार देणाऱ्याचा आणि दिव्यांग व्यक्तीचा एखाद्या व्यवहारात हितसंबंध आडवा येत असेल, तर आधार देणाऱ्याने त्या व्यवहारातून बाजूला व्हायचं. म्हणजे आईच्या हिश्शाचा खरेदीदार आणि आईचा आधार, दोन्ही तुम्हीच, असं चालणार नाही.

दुसरा रस्ता पर्वरीला, उच्च न्यायालयात, घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली. माणूस कोमात असेल, स्ट्रोकनंतर काहीच कळत नसेल, तर न्यायालय पालकाच्या नात्याने हस्तक्षेप करतं. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अशा रुग्णांसाठी पद्धत घालून दिली, तिचा आधार बाहेरही घेतला जातो : डॉक्टरांच्या मंडळाचा अहवाल, महसूल अधिकाऱ्याने प्रत्यक्ष जाऊन केलेली चौकशी, सगळी मालमत्ता आणि सगळे वारस यांची यादी, आणि नेमणुकीनंतर दर सहा महिन्यांनी हिशेब. याचिकेबरोबर हे कागद आधीच जोडले तर काम लवकर होतं. एक नियम मात्र पाळा : सगळ्या वारसांची नावं द्या. अमेरिकेतल्या रुसलेल्या बहिणीचं नाव वगळलं की न्यायालय सगळ्यांकडेच संशयाने बघू लागतं.

गोव्यात यावर आणखी एक गाठ असते. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची मिळून, अर्धी-अर्धी. स्थावर विकायचं तर दोघांच्या सह्या लागतात. कागदावर जमीन फक्त बाबांच्या नावावर आणि बाबा ठणठणीत, तरी आईला समज नसेल तर व्यवहार अडतोच. उलट बाजूने हेच तिचं कवच आहे. इन्व्हेंटरी, म्हणजे न्यायालयातलं वारसांच्या वाटणीचं प्रकरण, चालू असताना एखादा वारस असमर्थ असेल तर ते न्यायालयाला पहिल्याच तारखेला सांगा. त्याच्या वतीने बोलणारा माणूस ठरल्याशिवाय पुढचं सगळं कच्चं राहतं.

सहावी पायरी : सांभाळणारेच लुबाडत असतील तर

साठीच्या पुढच्यांसाठी २००७ चा पालक आणि ज्येष्ठ नागरिक कायदा आहे. उपजिल्हाधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे साधा अर्ज करायचा, वकिलाची गरज नाही. मुलांकडून दरमहा १० हजारांपर्यंत पोटगी मागता येते आणि निकाल ९० दिवसांत द्यायचा असतो. अर्ज करायची ताकद नसेल तर दुसरी व्यक्ती किंवा संस्था त्यांच्या वतीने करू शकते. घर बक्षीसपत्राने मुलाला दिलं आणि त्याने हाकललं, तर कलम २३ खाली ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. पण 'तो मला सांभाळील' ही अट बक्षीसपत्रात लिहिलेली असली पाहिजे. गृहीत धरलेल्या अटीवर सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडणं गेली आहेत. म्हणून अट लिहाच. लेखनिक म्हणेल, "आपल्याच मुलासाठी कशाला?" त्याचं ऐकू नका.

दिव्यांग व्यक्तीचा छळ होत असेल तर २०१६ च्या कायद्याच्या कलम ७ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, शेजाऱ्यानेही. पणजीला दिव्यांगांसाठीच्या राज्य आयुक्तांचं कार्यालय आहे, तेही दार ठोठवा. ज्येष्ठांची हेल्पलाईन १४५६७.

आणि जमिनीवर डोळा ठेवा. बनावट कागदांनी जमिनी लाटल्याची प्रकरणं इतकी वाढली, की २०२२ मध्ये सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. बिछान्याला खिळलेल्या माणसाच्या जमिनीचा एक-चौदाचा (मालकीच्या नोंदीचा) उतारा वर्षातून दोनदा काढून पाहायला फारसा खर्च येत नाही.

वकील फुकट कसा मिळेल

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, दिव्यांग, मनोरुग्णालयात असलेले आणि कोठडीतले लोक यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. २०१७ च्या कायद्याचं कलम २७ मानसिक आजार असलेल्यांना हाच हक्क पुन्हा देतं आणि तो त्यांना सांगायची जबाबदारी पोलीस, दंडाधिकारी व इस्पितळप्रमुखांवर टाकते. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुक्याच्या न्यायालयातल्या समितीत द्यायचा. जाता येत नसेल तर १५१०० ला फोन करा. एका पानावर काय झालं ते आपल्या भाषेत लिहा, आधार आणि दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र जोडा. नेमलेला वकील फोन उचलत नसेल तर बदलून मागा. त्यात अपमान कुणाचा नाही.

येताना सगळ्या कागदांच्या झेरॉक्स आणा, मूळ प्रती घरी ठेवा. आणि शक्य असेल तर आईलाही घेऊन या. मी पहिला प्रश्न तिलाच विचारते.